पुसलेली खरखर

ॲडलेड, ३ फेब्रुवारी २०१६

प्रिय ऑडली सर,

तुम्ही मला आयुष्यात दोनदाच पाहिलंत, पण ऐकलंत मात्र पाच वर्षं. मी मुलूरा फार्मवरची ग्लेनिस टर्वेट. तुमच्या रेडिओवरच्या तासाला बोलून झाल्यावर "ओव्हर" म्हणायला विसरायची आणि बटण दाबून बसायची, म्हणून अख्ख्या वर्गाला आमच्या स्वयंपाकघरातलं भांडण ऐकू जायचं, तीच.

पत्ता आपल्या वर्गातल्या केल्विन श्रामने दिला. पोर्ट ऑगस्टात त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. तो म्हणाला, सरांकडे फोनवर काही लिहून पाठवू नकोस, ते वाचणार नाहीत. टपालाने पत्र टाक. आणि मग त्याने जे सांगितलं त्यासाठी हे पत्र. तुम्ही रेडिओवरच्या शाळेचे तास फितींवर उतरवून घ्यायचात, आणि पुढे ते सगळे संगणकात घालून ठेवलेत. खरं आहे का?

आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, इथे शुश्रूषागृहात असते. ख्रिसमसपासून तिची आठवण विस्कटली आहे. सकाळी उठते आणि विचारते, डार्सीचा तास झाला का. माझा भाऊ डार्सी जाऊन छत्तीस वर्षं झाली. सतराव्या वर्षी मेंढ्या वळवताना मोटरसायकलवरून पडला. त्याचे फोटो चार आहेत. आवाज कुठेच नाही. आमच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता, तेव्हा कोणाकडे होता?

सन १९७२. तो नऊ वर्षांचा, मी सहा. तुमच्याकडे त्याचं एखादं वाक्य असलं तरी चालेल. नुसतं "गुड मॉर्निंग सर" असलं तरी.

तुमची,
ग्लेनिस


क्वॉर्न, ११ फेब्रुवारी २०१६

प्रिय ग्लेनिस,

तुझं पत्र पेटीत तीन दिवस पडून होतं, कारण चव्वेचाळीस अंश उन्हात फाटकापर्यंत जायला मला हल्ली कारण लागतं. ते वाचलं आणि वाटलं, इतकं मोठं कारण आत होतं आणि आपण पंख्याखाली बसून राहिलो.

केल्विनने सांगितलं ते खरं. माझ्या मागच्या खोलीत विंडोज अठ्ठ्याण्णव चालवणारा संगणक आहे. इंटरनेटशी त्याची सोयरीक नाही, म्हणून त्याला रोग नाही. सुरू व्हायला सात मिनिटं लागतात. त्या सात मिनिटांत चहा होतो आणि एक कविता म्हणून होते. केल्विन आला की दारातूनच विचारतो, "सर, ह्याला वीज लागते की कोळसा?" मी म्हणतो, तुला सातचा पाढा म्हणायला लागायचा त्याहून कमी वेळ लागतो. फिती कापून-जोडून आवाज स्वच्छ करायचा जो प्रोग्रॅम माझ्याकडे आहे, तो नव्या यंत्रांवर चालतच नाही. गेली सतरा वर्षं लोक मला बदला, बदला म्हणून सांगताहेत. त्यांनी या काळात चार-चार यंत्रं बदलली आणि दर वेळी काहीतरी हरवलं. गेल्या वर्षी इथल्या इतिहास मंडळात मी यावर भाषणही दिलं. शेवटी टाळ्या पडल्या, आणि क्वांडाँग या इथल्या रानफळाच्या मुरंब्याची बाटली मिळाली.

रात्री झोप येत नाही तेव्हा मी तो वर्ग आठवतो. चाळीस घरं, मध्ये शेकडो मैल तांबडी माती, आणि सकाळी साडेनऊला सगळ्यांच्या स्वयंपाकघरात एकच आवाज. त्या वर्षी मी तुम्हाला जुन्या पाठ्यपुस्तकातली नदीची कविता पाठ करायला लावली होती. पावसाची वाट बघणाऱ्या मुलांना दुसरी कोणती द्यायची?

वाळू विचारी, "येशील केव्हा?"
नदी म्हणाली, "निघाले आहे;
ढगाच्या घरी पाय पसरुनी
जरा विसाव्यास बसले आहे."

डार्सी मला आठवतो. मुलूरा फार लांब. तुमच्याकडून येणारा आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू पडावी तसा. शोधतो. उन्हाळ्यात यंत्र तापतं, त्यामुळे सकाळचा एखादा तासच काम होतं. जरा धीर धर.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
क्लेमेंट ऑडली


ॲडलेड, २४ फेब्रुवारी २०१६

प्रिय सर,

तुमचं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. कविता आली तशी ती ओठ हलवायला लागली. नर्सला म्हणाली, आमच्या डार्सीचा आवाज मास्तरांनी जपून ठेवलाय. आता जेवण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते.

सर, मी तुम्हाला एक कबुली देते. केल्विनने तुमच्या यंत्राची गंमत केली तेव्हा मीही हसले होते. पण घरी येऊन विचार केला. माझ्या मुलींच्या लहानपणीचे सगळे फोटो मी एका संगणकात ठेवले होते. नवी सिस्टीम टाका, टाका म्हणून पडद्यावर रोज विचारायचं. एकदा हो म्हटलं आणि अर्धे फोटो गेले. चूक माझीच, दुसरीकडे ठेवून घ्यायला हवे होते. धाकटीचं पहिलं वर्ष माझ्याकडे नाहीच. आम्ही सगळे हो म्हणत गेलो, सर. तुम्ही नाही म्हणालात. म्हणून डार्सी आहे.

माझी एक विनंती. मी केल्विनशी बोलले आहे. तो क्वॉर्नला येऊन तुमच्या यंत्रातलं सगळं नव्या यंत्रावर जसंच्या तसं उतरवून देईल. फुकट. म्हणाला, "सरांनी मला बारा वर्षांपूर्वी झिडकारलं होतं, आता तू सांगितलंस तर ऐकतील." मार्चमधला कुठलाही शनिवार सांगा.

तुमची,
ग्लेनिस


क्वॉर्न, १५ मार्च २०१६

प्रिय ग्लेनिस,

केल्विनला पाठवू नकोस. त्याचं मन चांगलं आहे, हात घाईचे आहेत. या वयाच्या यंत्राची तार इकडची तिकडे झाली तर ते कायमचं बसेल, आणि मग तुला कोण उत्तर देणार? मी अजून आहे तोवर ते माझ्या हाताखालीच राहू दे.

तू मागितलंस ते सापडलं आहे. सोबतच्या पाकिटात एक कॅसेट आहे. या यंत्राला नव्या काड्या-चकत्या समजत नाहीत, म्हणून हेडफोनच्या भोकातून तार काढून मी जुन्या पद्धतीनेच उतरवून घेतलं. कॅसेट वाजवायचं साधन तुमच्याकडे नसेल तर शुश्रूषागृहात नक्की असेल. म्हाताऱ्यांच्या घरातच अशा वस्तू टिकतात.

संगणकात या फायलीचं नाव "डार्सी – नदी" असं आहे. १९७२चा नोव्हेंबर. कविता पूर्ण आहे, चारही कडवी. तेव्हाच्या रेडिओवर आवाज थोडा बदलून यायचा, आणि मी नंतर खरखर काढून तो स्वच्छ केला आहे, तेव्हा आठवणीतल्यापेक्षा वेगळा वाटला तर आश्चर्य मानू नकोस.

तू माझं जे कौतुक केलं आहेस तेवढा मी नाही. पुन्हा तसं लिहू नकोस.

तुझा,
क्लेमेंट ऑडली


ॲडलेड, २ एप्रिल २०१६

प्रिय सर,

कॅसेट पोचली. प्लेअर खरंच शुश्रूषागृहातच मिळाला, प्रार्थनेच्या खोलीत.

तो उसना घेऊन मी आधी एकटीने ऐकली, गाडीत बसून. मग पुन्हा लावली. किती स्पष्ट बोलतो तो! मला वाटलं होतं तो बुजरा होता.

दुसऱ्या दिवशी आईला ऐकवली. तिने डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, चर्चमध्ये बसते तशी बसली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाली, "हा केल्विन आहे. श्रामांचा केल्विन." मी म्हटलं, आई, हा डार्सी. ती म्हणाली, "डार्सी आधी म्हणतो, मग केल्विन पुढे सांगतो. पण केल्विन फार घाई करतोय. डार्सीला बोलूच देत नाहीये." मग हात वर करून मला गप्प बसवलं आणि संपेपर्यंत वाट पाहत राहिली. संपल्यावरही.

ती म्हणते, आमच्याकडचा आवाज तुमच्यापर्यंत पोचायचा नाही तेव्हा मधल्या फार्मवरचा केल्विन डार्सीचं ऐकायचा आणि तेच पुन्हा तुम्हाला म्हणून दाखवायचा. असं खरंच व्हायचं का, सर? मला त्या खोलीतली फक्त खरखर आठवते. हे तिच्या आजारातलं आहे की तिला काही आठवतंय, मला ठरवता येत नाही. डॉक्टरही विचारताहेत. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन.

तुमची,
ग्लेनिस


क्वॉर्न, ९ एप्रिल २०१६

प्रिय ग्लेनिस,

आईबद्दल वाचून वाईट वाटलं.

पुढे सांगण्याची पद्धत होती हे खरं. ज्याचा रेडिओ चांगला लागेल त्याने लांबच्या मुलाचं ऐकून पुढे सांगायचं. पण चव्वेचाळीस वर्षांनी दोन मुलांचे आवाज एकमेकांत मिसळणं या वयात साहजिकच आहे. मलाही कधी कधी कोण कोणाचा ते लागत नाही. फायलीवर डार्सीचं नाव मी स्वतः घातलेलं आहे.

तिला हळूच समजाव. फार ताणू नकोस.

क्लेमेंट ऑडली


ॲडलेड, २१ मे २०१६

प्रिय सर,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. मध्ये एकदा वाटलं होतं की कॅसेट केल्विनलाच ऐकवावी, पण तुमचं पत्र आलं आणि विचारायची गरज राहिली नाही.

मी आईला समजावलं. तुम्ही सांगितलंत तसं हळूच सुरू केलं होतं, पण ती ऐकेना. रोज कॅसेट लावायला सांगायची आणि रोज केल्विनवर चिडायची. एका दुपारी माझाही धीर सुटला. म्हटलं, आई, पुरे. तो डार्सीच आहे. सरांनी स्वतः लिहून कळवलंय.

ती म्हणाली, "मास्तर म्हणाले?"

"हो."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मग माझंच चुकलं. आपल्या पोराचा आवाज आईला ओळखता येऊ नये?" आणि रडली, सर. डार्सी गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा शंभर माणसांचा स्वयंपाक करायचा होता.

त्यानंतर तिने कॅसेट मागितली नाही. आणि आता मी आत गेले की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. विचारते, "तू ग्लेनिसच ना? नक्की?" नर्सला विचारते, ही माझीच मुलगी आहे ना, मला खात्री देता येत नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, जवळच्यांना ओळखत नाही.

यात तुमचा काहीच दोष नाही. तुम्ही इतक्या उन्हात बसून शोधून दिलंत. फक्त तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण त्याला ओळखणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुमची,
ग्लेनिस


क्वॉर्न, ३० मे २०१६

ग्लेनिस,

तुझ्या आईने बरोबर ओळखलं होतं. तो केल्विनच आहे.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. चार दिवस कागदावर आधी हवामान लिहीत होतो.

आता सगळं सांगतो. १९९९ मध्ये मी फिती संगणकात घालायला घेतल्या. दोन वर्षांत सगळ्या झाल्या. फिती शेडमध्ये पत्र्याखाली होत्या, उन्हाने वाकत चालल्या होत्या. सगळं आत आहे असं म्हणून मी त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. २००४च्या जानेवारीत यंत्राने सांगितलं की जागा संपली. मी केल्विनच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "सर, नवं यंत्र घ्या. दहापट जागा आहे. आहे ते जसंच्या तसं हलवू, वर आणखी मावेल." दुकानात पाच माणसं होती. मी विचारलं, माझा कापायचा प्रोग्रॅम त्याच्यावर चालेल का. तो म्हणाला, नाही, पण त्याहून चांगले आहेत, मी शिकवतो तुम्हाला. आणि हसून म्हणाला, "सोपं आहे, सर. लहान मुलंही शिकतात."

त्यात वाईट काही नव्हतं. पण मी पंचवीस वर्षं ज्याला शिकवल्याचं सांगत फिरत होतो, त्याच्यासमोर स्टुलावर बसून "आता कुठलं बटण" असं विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी त्याला म्हटलं की तुला विकायचंय म्हणून सांगतोस. सगळ्यांसमोर. मग घरी आलो आणि आहे त्या जागेत बसवायला घेतलं.

म्हणजे काय केलं ते ऐक. ज्या तासांत खरखर जास्त होती ते तास पुसले. नुसते पुसायला जीव होईना तिथे कात्री चालवली; खरखरीचा भाग काढायचा, स्वच्छ भाग ठेवायचा. त्या कविता-तासात डार्सी एक ओळ म्हणायचा आणि ती वाळूसारखी माझ्यापर्यंत यायची. मग केल्विन तीच ओळ स्वच्छ म्हणून दाखवायचा. मग डार्सीची पुढची ओळ. सोळा ओळी, सोळा वेळा. मी सोळा वेळा कापलं. मी त्याला खरखर समजलो. नाव मात्र डार्सीचंच राहू दिलं, कारण कविता पाठ करून आला होता तो.

लांबच्या घरांतल्या सगळ्या मुलांचं असंच झालं. जी जवळ होती, ज्यांचे रेडिओ चांगले होते, ती राहिली. यादी करतो आहे. आतापर्यंत सत्तावीस नावं झाली.

तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी ती फाईल लावून पाहिली होती. म्हणजे फेब्रुवारीपासून मला ठाऊक आहे. तरी कॅसेट पाठवली, केल्विनला येऊ दिलं नाही, कारण त्याने स्वतःचा आवाज ओळखला असता. आणि एप्रिलमध्ये तू सरळ विचारलंस तेव्हा मी तुझ्या आईच्या आजारामागे लपलो. त्याहून हलकं काम मी आयुष्यात केलेलं नाही. मुलांच्या कितीतरी थापा मी पकडल्या असतील. इतकी नीच एकही नव्हती.

तिला सांग की तिचा कान शाबूत आहे. डॉक्टरांना हे पत्र दाखव. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी ते मला समजेल.

क्लेमेंट ऑडली


ॲडलेड, २० जून २०१६

ऑडली सर,

पत्र डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कागदावरचं खोडलं.

आईला मी काही सांगितलेलं नाही. एकदा "सर म्हणाले" म्हणून सांगितलं ते पुरे झालं. आता तुम्ही येऊन तुमच्या तोंडाने सांगा. पोर्ट ऑगस्टाहून मंगळवारी सकाळी बस असते. मी स्टँडवर येईन, पण मला गप्पा मारता येणार नाहीत.

यंत्र केल्विनला द्या. उरलेल्या मुलांच्या आया अजून आहेत.

ग्लेनिस


क्वॉर्न, ८ जुलै २०१६

प्रिय ग्लेनिस,

परवा तू मला स्टँडवर सोडलंस आणि खिडकीतून सँडविचचा डबा दिलास. आभार मानायचे राहिले.

आधी यंत्राचं सांगतो. तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी केल्विन येऊन गेला. मी त्याला आधी बसवलं, सगळं सांगितलं, मग ती फाईल लावली. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी एवढी घाई करायचो?" मी म्हटलं, नाही रे, तू प्रत्येक ओळीनंतर थांबायचास. ते थांबणं मी कापलं.

त्याने विचारलं, पुसलेल्या जागेवर नंतर काही भरलंत का? रिकामी असेल तर खरवडून थोडंफार काढता येतं. मी चहा करायला उठलो. त्याने यंत्र उघडून पाहिलंच. ग्लेनिस, त्या जागेवर मी आहे. नोकरीतल्या माझ्या आवडत्या कविता मी माझ्याच आवाजात म्हणून तिथे भरल्या होत्या, एकशे चाळीस. भाषणात त्यांतल्या दोन लावूनही दाखवल्या होत्या. केल्विनने झाकण पुन्हा लावलं आणि तारा जोडायला घेतल्या. तो चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. बाकीचं सगळं त्याने नव्या यंत्रावर उतरवून घेतलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. बारा वर्षं मी ज्याला घाबरलो ते अर्ध्या दिवसाचं काम. नवं यंत्र माझ्या टेबलावर ठेवून गेलाय, आणि मी रोज त्याला फोन करून विचारतो की आता कुठलं बटण. सत्तावीसची एकतीस नावं झाली आहेत. प्रत्येक घरी मी पत्र लिहितो आहे, या हाताने. नऊ लिहून झाली.

आता दुसरं. तू म्हणालीस, मी बाहेर थांबते, तुम्ही सांगा. मी बाहेर आल्यावर तू विचारलंस आणि मी म्हटलं, "तिला समजलं." ते पुरतं खरं नव्हतं, आणि तुझ्याशी आणखी एक अर्धं खोटं मला झेपणार नाही.

मी तिच्या खुर्चीसमोर बसलो. म्हटलं, टर्वेटबाई, तुम्ही बरोबर होतात, तो केल्विन आहे. डार्सीचा आवाज माझ्याकडे होता, तो मी पुसून टाकला. ती ताठ झाली. म्हणाली, "वाटलंच मला. मी काय वेडी आहे?" तिचा चेहरा इतका उजळला की मला तिथेच उठून यावंसं वाटलं. तेवढं तिला समजलं, नीट समजलं.

पण मग तिने पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आपल्या मुलाने खिडकी फोडल्यावर शेजारीण समजूत घालते ना, तसा. म्हणाली, "पुसलं तर पुसलं, मास्तर. एवढं तोंड पाडून काय बसलात? पाठ आहे त्याला. पुन्हा म्हणायला लावा. मी बसवते त्याला रेडिओपुढे."

मी क्षमा मागायला आलो होतो. ती मिळाली. पण जिने दिली तिला काय गेलं आहे ते ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, उत्तर हवं होतं तिला. मी म्हटलं, "हो. उद्या घेऊ."

पुन्हा खोटं बोललो, ग्लेनिस. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

क्लेमेंट ऑडली


ॲडलेड, १३ जुलै २०१६

प्रिय सर,

त्या खोलीचं दार नीट लागत नाही. तुमचं "उद्या" मी बाहेर उभी राहून ऐकलं होतं. ख्रिसमसपासून मीही तिला रोज तेच सांगते आहे.

माझा राग अजून गेलेला नाही. गेला की कळवीन.

काल मी आत गेले तेव्हा ती नर्सला म्हणाली, "हिला खुर्ची द्या, ही लांबून येते." मी ग्लेनिसच ना, ते मात्र विचारलं नाही.

तुमची,
ग्लेनिस